नागपुरात कलेवर पोट भरायचंय? मग कॉपीराइट असा सांभाळा

धरमपेठेत लग्नाचे फोटो काढणारा, महालात पत्रिका आणि फ्लेक्स डिझाइन करणारी, घरच्याच एका खोलीत भीमगीतांना चाली लावणारा, झाडीपट्टीच्या मंडळींना नाटकं लिहून देणारा, या सगळ्यांना एकच कायदा लागू होतो: कॉपीराइट कायदा, १९५७. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आहे आणि २०१२ साली त्यात कलावंतांच्या बाजूच्या मोठ्या सुधारणा झाल्या. तरीही आपल्याकडे कामाची सुरुवात बहुतेकदा "भाऊ, तू आधी बनव, पैशाचं पाहू मग" अशीच होते. मग वाद होतो, आणि दाखवायला हातात काहीच नसतं.

चोरी झाल्यावर काय करायचं हे पुढे सांगितलंच आहे. पण मला जास्त कळकळीने सांगायचं आहे ते कामाआधीच्या एका कागदाबद्दल. नागपुरातले बरेचसे वाद त्या कागदावर सुरू होण्याआधीच संपू शकतात.

आधी समजून घ्या: हक्क कशावर असतो

कॉपीराइट मिळवावा लागत नाही. कविता कागदावर उतरली, शटर पडलं, चाल रेकॉर्ड झाली, की हक्क तयार झाला. नोंदणी ऐच्छिक आहे. गोलातला 'सी' टाकणंही बंधनकारक नाही, टाकलात तर चांगलंच. लेखन, नाटक, संगीत, चित्र, शिल्प, छायाचित्र, व्हिडिओ, ध्वनिमुद्रण हे सगळं यात येतं. चित्र किंवा फोटो 'कलात्मक' आहे की नाही हे कायदा विचारत नाही. साध्या दुकानाच्या फोटोलाही तेच संरक्षण आहे.

संरक्षण नसतं ते कल्पनेला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतीवर लघुपट करायची कल्पना कोणाचीच नाही. शेजारी उभं राहून दुसऱ्याने तीच मिरवणूक टिपली तर तो त्याचा फोटो. तुमचं चित्रीकरण, तुमची पटकथा, तुमचं निवेदन मात्र तुमचं. म्हणून कल्पना सांगायला जाताना तोंडी सांगू नका. दोन पानांची टिपणी लिहा, तारीख घाला आणि ईमेलने पाठवा. लिहिलेल्या मजकुराला संरक्षण आहे, बोललेल्या कल्पनेला नाही.

मुदत किती? लेखन, संगीत, चित्र आणि २०१२ पासून छायाचित्रंही, कर्ता हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण प्रकाशनानंतर ६० वर्षं. दीक्षाभूमीवर पुस्तकांचा स्टॉल लावणाऱ्या आणि छापणाऱ्या तरुणांनी हे नीट समजून घ्यावं. बाबासाहेबांचं निधन १९५६ चं, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुलं आहे. पण कर्त्याच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापल्या गेलेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. शिवाय मूळ इंग्रजी खुलं झालं म्हणून कोणाचा तरी मराठी अनुवाद खुला होत नाही, अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निधन १९६८ चं. त्यांच्या भजनांचा अल्बम करायचा असेल तर २०२८ संपेपर्यंत परवानगीचा प्रश्न उभा आहे हे धरून चाला.

पहिली पायरी: मालक कोण, हे काम घेण्याआधी विचारा

नवोदितांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते, म्हणून इथे जरा थांबतो.

साधा नियम असा की ज्याने निर्माण केलं तो पहिला मालक. पण कायद्याच्या कलम १७ मध्ये काही अपवाद आहेत, आणि ते नेमके आपल्या धंद्यावर बसतात.

छायाचित्रकारांनी विशेष लक्ष द्यावं. कोणी पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतला, व्यक्तिचित्र किंवा चित्र रंगवून घेतलं, व्हिडिओ बनवून घेतला, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक ते काम सांगणारा असतो. म्हणजे लग्नाची ऑर्डर घेतलीत आणि काहीच ठरवलं नाहीत, तर अल्बममधल्या फोटोंचा हक्क नवरानवरीच्या कुटुंबाकडे गेला. कॅमेरा तुमचा, लेन्स तुमची, पहाटेच्या हळदीपासून रात्रीच्या विदाईपर्यंतची मेहनत तुमची, तरी हक्क त्यांचा. तेच तुम्ही स्वतःहून पेंच किंवा ताडोब्याला जाऊन वाघ टिपलात, तर तो फोटो संपूर्ण तुमचा. फरक फक्त कोणी सांगितलं आणि कोणी पैसे दिले याचा. म्हणून "वेगळा करार नसल्यास" हे तीन शब्द लक्षात ठेवा. करार केलात की हक्क तुमच्याकडे राहू शकतो.

पगारी नोकरीत केलेलं काम, उलट ठरलं नसेल तर, मालकाचं. स्टुडिओत किंवा जाहिरात संस्थेत महिन्याच्या पगारावर असाल तर तिथे केलेला लोगो त्यांचा. पण तुम्ही स्वतंत्र काम करणारे असाल, प्रत्येक कामाचं वेगळं बिल देत असाल, तर लोगो, जाहिरातीचा मजकूर, गाण्याचे शब्द यांचा हक्क लेखी हस्तांतर होईपर्यंत तुमच्याकडेच राहतो. पैसे मिळाले म्हणजे हक्क गेला, असं नाही.

पत्रकारांसाठी कायद्यात एक चांगली तरतूद आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. वर्तमानपत्राच्या किंवा मासिकाच्या नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा हक्क मालकाकडे जातो तो वर्तमानपत्रा-मासिकात छापण्यापुरताच. बाकी बाबतीत, उदाहरणार्थ त्याच लेखांचं पुस्तक काढायचं असेल तर, हक्क लेखकाकडे राहतो. नेमणूकपत्रात उलट लिहिलं असेल तर मात्र ते लागू, म्हणून सही करण्याआधी ते पान वाचा. वर्तमानपत्रांच्या या शहरात वर्षानुवर्षं सदर लिहिणाऱ्या माणसांसाठी हे मोलाचं आहे.

गाण्यात तर एकावर एक हक्क असतात: शब्दांचा कवीकडे, चालीचा संगीतकाराकडे, ध्वनिमुद्रणाचा निर्मात्याकडे, आणि गायकाचा सादरीकरणाचा हक्क वेगळा, तो ५० वर्षांचा. यूट्यूबवर कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं स्वतः गाऊन, टाकताना यातल्या कोणाकोणाला विचारायचं हे आधी ठरवा. गीतकार आणि संगीतकारांनी आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घेण्याचा विचार करावा. ती त्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करते.

दुसरी पायरी: एक पान लिहा

कॉपीराइटचं हस्तांतर लेखी आणि सहीचं असल्याशिवाय ग्राह्य नाही. त्यात कृती कोणती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे आलं पाहिजे. काही गोष्टी लिहायच्या राहिल्या तर कायदा स्वतःच भरतो: मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने एका वर्षात तो हक्क वापरलाच नाही, तर वेगळं ठरलेलं नसल्यास त्या हक्काचं हस्तांतर रद्द होतं. आज अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचे हक्क आजच्या करारात नेमकं नाव न घेता जात नाहीत. आणि चित्रपटासाठी गाणं दिलंत तर चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापराच्या रॉयल्टीत कवी आणि संगीतकाराचा समान वाटा असतो. तो सोडून दिल्याचं कलम कोणी करारात घातलं, तरी कायदा ते मानत नाही.

व्हॉट्सअॅपवरचं "हो चालेल" काय ठरलं होतं याचा पुरावा म्हणून उपयोगी पडेल. पण हस्तांतरासाठी ते पुरेसं धरू नका. डिझाइनरसाठी मजकूर साधारण असा ठेवता येईल:

"मी, (नाव), यांनी (ग्राहकाचे नाव) यांच्यासाठी सोबत जोडलेला लोगो तयार केला आहे. तो छपाई, दुकानाचा फलक, संकेतस्थळ आणि समाजमाध्यमांवर वापरण्याचा हक्क मी त्यांना (कालावधी) साठी, (प्रदेश) यापुरता, रुपये (रक्कम) या मोबदल्यात देत आहे. पूर्ण रक्कम मिळाल्याच्या दिवसापासून हा हक्क लागू होईल. न निवडलेली प्रारूपे, मूळ फाइल आणि माझ्या कामाचा नमुना म्हणून ही कृती दाखवण्याचा हक्क माझ्याकडे राहील."

खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. "पूर्ण रक्कम मिळाल्याच्या दिवसापासून" हे वाक्य कधीही गाळू नका. अर्धे पैसे बुडवून लोगो मात्र फलकावर लावणाऱ्याविरुद्ध तेच तुमचं हत्यार आहे.

लग्नाच्या फोटोसाठी बुकिंगच्या पावतीवरच छापून घ्या: "छायाचित्रे व चित्रफितीचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. कुटुंबाला घरगुती वापर, अल्बम व समाजमाध्यमांसाठी कायमची परवानगी आहे. जाहिरातीत वापरण्यापूर्वी छायाचित्रकार कुटुंबाची संमती घेईल." शेवटचं वाक्य कुटुंबाच्या बाजूचं आहे आणि ते असावंच. घरच्या लेकीचा फोटो न विचारता होर्डिंगवर लागलेला कोणालाच आवडत नाही, आणि या वाक्यामुळे सही करताना समोरचा माणूस निश्चिंत होतो. पावतीवर ग्राहकाची सही मात्र घ्याच. नुसतं छापलेलं असणं पुरत नाही.

मोठ्या रकमेचा किंवा कायमचा करार असेल तर मुद्रांक शुल्क आणि मसुदा वकिलाकडून तपासून घ्या.

हक्क विकला तरी दोन गोष्टी तुमच्याकडे राहतात: कृतीवर आपलं नाव सांगण्याचा अधिकार, आणि तिची अब्रू जाईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं आणि त्याची नासधूस झाली. त्यावर २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना ५ लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे उरलेले भाग परत देण्याचा आदेश दिला. सरकारी भिंती रंगवणाऱ्या आणि चौकांत शिल्पं उभारणाऱ्या आपल्या कलावंतांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

तिसरी पायरी: पुरावा रोजच्या रोज साठवा

कॅमेऱ्यातली रॉ फाइल, डिझाइनची थरांसकट मूळ फाइल, कवितेचा पहिला खर्डा, चालीचं मोबाइलवरचं कच्चं रेकॉर्डिंग, यातलं काहीही पुसू नका. ग्राहकाला द्यायची ती तयार प्रत, मूळ फाइल आपल्यापाशी. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. फोटोच्या माहितीत आपलं नाव आणि संपर्क भरून ठेवा. अशी हक्कासंबंधीची माहिती मुद्दाम पुसणं हा २०१२ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपलंच काम पाकिटात घालून स्वतःला रजिस्टर पोस्टाने पाठवण्याचा सल्ला तुम्हाला नक्की कोणीतरी देईल. कायद्यात त्याला वेगळं स्थान नाही. तेवढ्या कष्टात ग्राहकाला एक तारखेचा ईमेल पाठवलात तर जास्त काम होतं.

चौथी पायरी: नोंदणी, जिथे खरोखर गरज आहे तिथे

रोज शंभर फोटो काढणाऱ्याने प्रत्येकाची नोंदणी करण्यात अर्थ नाही. पण संपूर्ण नाटक, कादंबरी, गाजू लागलेलं गाणं, एखाद्या ब्रँडची चित्रमालिका, यांची जरूर करा. नोंदवहीतली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते, म्हणजे उलट सिद्ध करण्याचं ओझं समोरच्यावर जातं.

अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर नमुना १४ मध्ये भरायचा. कार्यालय दिल्लीत आहे, पण तिथे जावं लागत नाही. लेखन, नाटक, संगीत किंवा कलाकृतीला प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,०००, चित्रपटाला ५,०००. मालावर वापरायच्या कलाकृतीला, म्हणजे लेबल, वेष्टन, लोगोला, २,००० रुपये आणि सोबत ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं शोध-प्रमाणपत्र, म्हणजे तसा ट्रेडमार्क आधी कोणी नोंदवलेला नाही असा दाखला. अर्ज भरताच डायरी क्रमांक मिळतो. आक्षेपांसाठी ३० दिवस थांबतात, मग तपासणी होते. त्रुटी निघाली तर पत्राला वेळेत उत्तर द्या, कारण उत्तर न दिल्याने पडून राहिलेले अर्ज बरेच असतात. कर्ता आणि अर्जदार वेगळे असतील तर कर्त्याचं ना-हरकत पत्र लागतं.

साड्यांचे आणि कापडाचे नमुने काढणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. जो नमुना डिझाइन कायदा, २००० खाली नोंदवता आला असता पण नोंदवला नाही, त्याच्या ५० पेक्षा जास्त प्रती कारखानदारी पद्धतीने निघाल्या, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. डिझाइनची नोंदणी १० वर्षांची, पुढे ५ वाढवता येते, आणि ती नमुना बाजारात दाखवण्याआधीच करावी लागते. इतवारी-गांधीबागच्या व्यापाऱ्याला नमुने दाखवण्याआधी हे उरकून घ्या.

पाचवी पायरी: चोरी झाली, आता काय

समजा, तुमचा वाघाचा फोटो एखाद्या रिसॉर्टच्या फ्लेक्सवर आणि त्यांच्या इन्स्टाग्रामवर दिसला. रागाने खाली प्रतिक्रिया लिहिण्याआधी पुरावा पकडा. फ्लेक्सचा फोटो आजूबाजूच्या खुणांसकट, पोस्टचा पूर्ण पत्ता, तारीख, शक्य असेल तर सगळं स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचा हॅश (फाइलमधून संगणकाने काढलेला ओळख-क्रमांक) नोंदवावा लागतो आणि तज्ज्ञाचीही सही असते. म्हणून स्क्रीनशॉट ज्या फोनवर घेतला तो विकू नका, पुसू नका.

मग बघा की वापर कायद्याने मोकळा तर नाही ना. खासगी वापर आणि अभ्यास, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, यांसाठी रास्त वापराला मुभा आहे. धंद्याच्या जाहिरातीला नाही. आणि "फोटो साभार: इंटरनेट" असं लिहिणं म्हणजे परवानगी नव्हे, हे कोणी कितीही ठासून सांगितलं तरी.

पुढचं पत्र शांत भाषेत लिहा: "आपल्या फलकावर व पोस्टमध्ये वापरलेले छायाचित्र मी (तारीख) रोजी काढलेले आहे. मूळ फाइल माझ्याकडे आहे. त्याच्या वापराची परवानगी मी दिलेली नाही. कृपया सात दिवसांत ते काढावे आणि आजवरच्या वापराचे शुल्क रुपये (रक्कम) द्यावे, किंवा पुढील वापरासाठी परवाना घ्यावा." बरेचदा चूक मालकाची नसते, फ्लेक्स बनवणाऱ्या पोराने गुगलवरून उचललेलं असतं, आणि असं पत्र गेलं की पैसे मिळतात, कधी पुढचं कामही मिळतं. मात्र हक्क आपलाच असल्याची खात्री नसताना धमक्या देऊ नका. बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध समोरचाही कलम ६० खाली न्यायालयात जाऊ शकतो.

ऑनलाइन मजकुरासाठी यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम यांचे कॉपीराइट तक्रारीचे स्वतःचे फॉर्म आहेत, आधी तेच वापरा. फॉर्ममधलं नाव आणि संपर्क समोरच्याला कळू शकतो, त्यामुळे घरच्याऐवजी धंद्याचा ईमेल द्या. भारतीय नियमांनुसारही लेखी तक्रार करता येते. कॉपीराइट नियम २०१३ च्या नियम ७५ प्रमाणे, तक्रारीत पुरेसा तपशील असेल तर संकेतस्थळाने ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो. पण तो २१ दिवसच रोखला जातो. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते परत सुरू करू शकतात. म्हणून तक्रार केलीत त्याच आठवड्यात वकिलाशी बोला.

दिवाणी दावा लावायचा तर कायदा तुमच्या बाजूने आहे: तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे नागपुरातच, दावा लावता येतो, समोरचा मुंबईचा असला तरी. मनाई हुकूम, नुकसानभरपाई, नफ्याचा हिशेब, हे तिन्ही मागता येतं. भरपाईसाठी मुदत उल्लंघनापासून ३ वर्षं. ३ लाख किंवा त्याहून जास्त मूल्याचा व्यावसायिक वाद असेल आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे. मला ती तरतूद चांगली वाटते. लहान कलावंताला वर्षानुवर्षांच्या तारखांपेक्षा समोरासमोर बसून ठरलेली रक्कम बरी.

जाणूनबुजून केलेलं उल्लंघन हा फौजदारी गुन्हाही आहे: ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तो दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय नकली प्रती जप्त करू शकतो. पुस्तकाच्या किंवा अल्बमच्या नकली प्रती ढिगाने छापून विकल्या जात असतील तर हा मार्ग योग्य, आणि तो लवकर धरावा, जत्रा किंवा मेळा संपण्याआधी. एका पोस्टसाठी मात्र ठाण्यात धाव घेऊ नका.

नागपुरात कुठे विचारायचं

सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. केंद्र सरकारची ही संस्था पेटंट, डिझाइन, कॉपीराइट यांवर प्रशिक्षण देते आणि जनजागृतीचे कार्यक्रम घेते. देशभरातली माणसं शिकायला इथे येतात, आपल्याला तर ती घरचीच आहे. नोंदणीचा अर्ज मात्र तिथे भरत नाहीत, तो संकेतस्थळावरूनच जातो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतर बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जाताना मूळ फाइलची प्रत, सहीचा करार किंवा पावती, आणि चोरीचे तारखेनुसार लावलेले फोटो एकाच फोल्डरमध्ये घालून न्या.